मदत हवी आहे: गुहेतल्या सरपटी वाटेचं मोजमाप कसं करता?

नमस्कार मंडळी. मेघालयात, जैंतिया टेकड्यांतल्या चुनखडीच्या एका गुहेचा नकाशा आम्ही मित्रमित्र मिळून करतोय. ३० किलोमीटरहून लांब असलेली क्रेम लियात प्राह ही गुहा याच टेकड्यांत आहे, त्यामुळे उत्साह दांडगा! मोठ्या दालनांत काम सुरळीत चालतं. लेझरनं अंतर, होकायंत्रानं दिशा, क्लिनोमीटरनं चढ-उतार घ्यायचा, भिंती आणि छत मोजायचं, की झालं.

खरी पंचाईत सरपटत जायच्या वाटेत होते. छाती चिखलात, हेल्मेट छताला टेकलेलं, मान वळत नाही. डोळा होकायंत्राच्या मागे न्यायचा कसा? त्यात हेडलॅम्पची बॅटरी सुईपासून जेमतेम वीतभर लांब, म्हणजे सुई भरकटणार. वाट इतकी नागमोडी की दोन स्टेशनांत (म्हणजे मोजमापाच्या खुणेच्या जागांत) मीटरभरच अंतर मिळतं, आणि एवढ्याशा टप्प्यात स्टेशन २ सेंटीमीटर सरकलं तरी दिशा साधारण १ अंशानं चुकते.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचंय: प्रत्येक टप्प्याचं उलट रीडिंगही (पुढच्या स्टेशनावरून मागे बघून) घेता का? की एक स्टेशन सोडून एक, अशा मोकळ्या जागी थांबून पुढचं-मागचं दोन्ही मोजता? माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, पण अनुभवी माणसाचं मत हवं. डिस्टोएक्स (अंतर, दिशा आणि चढ-उतार एकदम मोजणारं लेझर उपकरण) घेतलं तरी त्यालाही लोखंडाचा त्रास होणारच ना? आणि चिखलानं माखलेल्या हातांनी स्केच कसं काढता? पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, म्हणून सगळं हिवाळ्यातच उरकायचंय. कृपया सविस्तर सांगा.