नवऱ्याची बदली इंडियानात, माझी वकिली कोल्हापुरात: घर हलवावं का?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबणार आहे. वकील आहे, सांभाळून घ्या.

नवऱ्याची कंपनी पुण्याची, काम घरातूनच, म्हणजे मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवरून. आता कंपनी त्याला अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसच्या ऑफिसात पाठवतेय, एल-वन व्हिसावर, म्हणजे कंपनी आपल्याच माणसाला तिकडच्या ऑफिसात हलवते त्यासाठीचा. कुठं राहायचं तेही साहेबांनी ठरवून टाकलंय: कार्मेल. इंडियानापोलिसला उत्तरेकडून लागून असलेलं, लाखभर वस्तीचं उपनगर. गेल्या जानेवारीत तो कामासाठी तिथं राहून आला आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज जेवताना कार्मेल-पुराण चालतं. सहकाऱ्याच्या दारातला बर्फ शेजाऱ्यानं न सांगता काढून टाकला. वाचनालयातल्या बाईंनी आपणहून चौकशी केली. रस्त्यात अनोळखी माणूस हात वर करतो. असेल. माणसं चांगली आहेत याला माझी हरकत नाही, तो मुद्दा मी वादात धरलेलाच नाही.

माझी अडचण दुसरी आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. त्याआधी रिट असो की अपील, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, नाहीतर फाइल मुंबईच्या वकिलाकडे सोपवून पक्षकाराला हात जोडायचे. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी चार दशकं मोर्चे काढले, कामकाज बंद ठेवलं. माझे सीनियर त्यातच म्हातारे झाले. आता सहा जिल्ह्यांची कामं सीपीआर हॉस्पिटलसमोर चालतात, घरातून स्कूटरवर जाण्याइतकी जवळ, आणि हायकोर्टातली कामं पहिल्यांदाच माझ्या वकीलपत्रावर दाखल होताहेत. नेमकं आत्ता उठून जाऊ?

मुलगी सातवीत, बारा पूर्ण. मुलगा पाच वर्षांचा. सासूबाई अडुसष्टच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. त्यांचं म्हणणं, "जायचं तर जावा, राहायचं तर राहा, माझ्यावर बिल फाडू नका."

तिकडं संसार केलेल्यांनी सांगा. 'मुलांचं भविष्य' एवढंच लिहिणार असाल तर नको, ते माझ्या मावशीनं सांगून झालंय.

शिरोली_नाका

ताई, जानेवारीत बघून आवडलं म्हणजे भाऊजी हातातनं गेलेत. मेमध्ये बघून आवडलं असतं तर आशा होती.

आमच्या फौंड्रीतला एक इंजिनिअर तिकडं गेलाय. फोन केला की आधी विचारतो, पाऊस किती झाला, पंचगंगेची पातळी किती. पगार विचारला की विषय बदलतो.

गडहिंग्लज_ते_कार्मेल

वहिनी, मी कार्मेलमध्येच राहतो, बायको-मुलांसकट. साहेबांनी सांगितलं ते खोटं नाही. आम्ही आलो त्या आठवड्यात शेजारीण केक घेऊन आली, घरातल्या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर एका कागदावर लिहून देऊन गेली. गाडी बर्फात रुतली तर दोघे-तिघे थांबतात. पण तीच शेजारीण आमच्या घरात येऊन बसायला वर्ष गेलं. आधी ठरवल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. पेठेतल्या माणसाला हे जड जातं. माझ्या आईला तर शेवटपर्यंत पटलं नाही, ती म्हणायची इथं सगळे हसतात पण बसत कोण नाही.

गाडी चालवता येते का? स्कूटर नव्हे, चारचाकी. येत नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि उद्यापासून शिका. इथं चालत जाऊन कोथिंबीर आणता येत नाही, आणि बस असून नसल्यासारखी. गावात दीडशेहून जास्त राउंडअबाउट, म्हणजे सिग्नलऐवजी गोल वळसा घालायचे चौक, आहेत, सिग्नल शोधावा लागतो. दाभोळकर कॉर्नरला गाडी काढणाऱ्याला हे सोपं वाटेल असं वाटतं, पण इथं आतल्या गाडीला खरोखर वाट देतात, त्याचीच सवय लागायला वेळ लागतो.

थंडीपेक्षा अंधाराचं सांगतो. अमेरिकेत वेळेचे पट्टे आहेत, आपण त्यातल्या ईस्टर्न पट्ट्याच्या पार पश्चिम टोकाला येतो. डिसेंबरात सूर्य उगवायला आठ वाजतात आणि साडेपाचच्या आत मावळतो. मुलं अंधारात बस पकडतात. जूनमध्ये उलट, रात्री नऊनंतरही उजेड, पोरं झोपायला तयार नाहीत.

शाळा पत्त्यावर ठरते. भाड्याचा करार हातात आल्याशिवाय प्रवेश नाही आणि शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, म्हणून यायचं तर जूनमध्ये या. लसीकरणाचे कागद डॉक्टरच्या सहीशिक्क्यासह आणा. धाकट्याला 1 ऑगस्टला पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, मिळेल. पुढं कार्मेल हायस्कूल, पाच हजारांवर मुलं आहेत एकट्या शाळेत. कुणी त्यात फुलतं, कुणी हरवतं. शेजारच्या फिशर्स आणि वेस्टफील्डलाही घरं बघा, शाळा तिथल्याही चांगल्या आहेत.

सासूबाईंना डिपेंडंट म्हणून आणता येत नाही. व्हिजिटर म्हणून येतील, एका खेपेला साधारण सहा महिने. पाहुण्यांचा विमा जुन्या शुगर-बीपीला बहुतेक हात लावत नाही. इंडियानापोलिसहून भारताला थेट विमान नाही. गाडीनं तीन तास शिकागो, तिथून दिल्ली, मग मुंबई, मग उजळाईवाडीचं कोल्हापूर विमानतळ. रात्री फोन आला तर दीड दिवस लागतो, हा हिशेब आधीच मनात ठेवा.

परत_आलेली

मंगळवारपेठकरीण, मी ओहायोत कोलंबसजवळच्या डब्लिनला राहून परत आलेय. सध्या रुईकर कॉलनी. तुम्ही व्हिसाचं एका शब्दात उरकलंत, खरं पाणी तिथं मुरतंय.

एल-वन ए की बी? ए मॅनेजरला मिळतो, कमाल सात वर्षं. बी विशेष ज्ञानवाल्याला, आधी तीन आणि मग दोन, एकूण पाच. त्यात वाढ नाही. मॅनेजरच्या वाटेनं ग्रीन कार्डाची रांग भारतीयांना त्यातल्या त्यात बरी. बाकीच्या रांगा दहा वर्षांच्या पुढं गेल्यात, कारण कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही, मग लोकसंख्या कितीही असो. आता मुलीचं वय मांडा. पुढच्या जूनला गेलात तर ती तेरा. बी असेल तर पाच वर्षं संपतात ती नेमकी तिची बारावी झाल्यावर. तेव्हा नवऱ्याला एच-वन या दुसऱ्या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव घालायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलीला तिथंच शिकायचं असेल तर विद्यार्थी व्हिसा आणि परदेशी विद्यार्थ्याची फी. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाची फी 2013 पासून वाढलेली नाही म्हणून सगळे कौतुक करतात. पण ती वर्षाला दहा हजार डॉलरच्या आत आहे राज्यातल्या मुलांना, बाहेरच्यांना तीस हजारांच्या घरात. आणि सगळं सुरळीत राहून ग्रीन कार्ड आलंच नाही, तर एकवीसला ती तुमच्या व्हिसातून बाहेर पडते.

आमची थोरली नववीत असताना परत आणली. इथल्या गणितानं आणि तिथल्या मैत्रिणींनी दोन वर्षं तिला रडवलं. धाकट्याला काही वाटलं नाही. तुमच्या मुलानं कुठं जावं याची चिंता करू नका, तो कुठंही मावेल. निर्णय मुलीच्या वयावर घ्या.

तुमच्याबद्दल: एल-टूवर, म्हणजे एल-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, जोडीदाराला काम करता येतं, 2021 पासून वेगळं परमिटही काढावं लागत नाही. माझ्यासारख्या एच-फोरवाल्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या बायका यासाठी वर्षानुवर्षं झुरल्या. पण वकिलीचं गणित निराळं. प्रत्येक राज्याचा बार, म्हणजे वकिलीचा परवाना, स्वतंत्र, बऱ्याच ठिकाणी आधी तिथलं एलएलएम आणि मग परीक्षा. आपली एलएलबी घेऊन थेट कोर्टात उभं राहता येणार नाही. करार तपासायचं किंवा पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या मदतनीसाचं काम मिळेल. पगारी पूर्णवेळ नोकरी धरलीत तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. परत आल्यावर सनद मिळेल, पक्षकार मिळतीलच असं नाही. बेंच नवं आहे, आत्ता जो दिसेल त्याचंच नाव होणार.

शिरोली_नाका

एवढं वाचून मला पण व्हिसा नाकारल्यासारखं वाटाय लागलंय.

मंगळवारपेठकरीण

परत_आलेली, तुमचा प्रश्न रात्रीच नवऱ्यापुढं ठेवला. त्याला माहीतच नव्हतं. एचआरचं उत्तर आज आलं: बी.

मग मी तोंडी वाद थांबवून लेखी म्हणणं सादर केलं. ए वर्गातली जागा कंपनीनं लेखी दिली, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्या वर्षात घालण्याचं कबूल केलं, तर मी बेंचमधली कामं ज्युनिअरकडे सोपवण्याचा विचार करीन. विचार, कबुली नव्हे. नाहीतर त्यानं एकट्यानं वर्षभर जावं, मेच्या सुट्टीत आम्ही एल-टूवर जाऊन राहून यावं, मुलीनं शाळा स्वतः बघावी. तिचं मत अजून कुणी विचारलेलंच नाही, मी धरून. काल विचारलं तर म्हणाली, "बाबांनी तिकडची शाळा बघितली का नुसता बर्फ?"

नवरा म्हणतो एकटा गेलो तर खर्च दोन घरांचा होईल. होईल. सासूबाईंनी मात्र त्याला पिठलं-भाकरी शिकवायला घेतलीय.

गडहिंग्लजवाले भाऊ, एकट्या माणसाला फिशर्सला एका खोलीचं घर साधारण किती भाड्यानं मिळेल? आणि कांदा-लसूण चटणी किती आणली तर कस्टमवाला काही बोलत नाही?

गडहिंग्लज_ते_कार्मेल

वहिनी, चटणी कोरडी, पाकीटबंद आणि फॉर्मवर लिहून आणली तर मी आजवर कधी अडलो नाही. सुकं मटण मात्र आणू देऊ नका, मांस चालत नाही. घराचं खासगी निरोपात कळवतो. एकटेच येणार असतील तर पहिला महिना आमच्याकडं उतरू देत, वरची खोली रिकामीच आहे.