मदत हवी आहे: बोटीच्या पंख्यावरचे खड्डे आणि गुलाबी डाग

नमस्कार. आमच्या मासेमारी बोटीचा तीन पात्यांचा पंखा पावसाळी बंदीच्या काळात उतरवला, तेव्हा पात्यांच्या नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, अंगावर, टोकांजवळ, खडबडीत खड्डे आढळले आणि बुंध्याशी मूळचा पिवळा रंग जाऊन गुलाबी डाग पडलेले दिसले.

फिरणारे पाते पाणी मागे ढकलते तेव्हा त्याच्या पुढच्या अंगावर दाब कमी होतो. तो फारच उतरला की पाणी न तापताच त्याची वाफ होते आणि ते बुडबुडे पात्यालगत फुटताना धातू कुरतडतात. टोकांवरचे खड्डे या कॅव्हिटेशनचेच असावेत. डागांचे कारण मात्र वेगळे वाटते. पंखा मँगनीज ब्राँझचा आहे. नावात ब्राँझ असले तरी हे खरे तर सुमारे ४० टक्के जस्त असलेले पितळच, आणि खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून गेले की मागे सच्छिद्र, कमकुवत तांबे उरते.

असा पंखा वेल्डिंगने भरून वापरणे सुरक्षित आहे का, की मोठ्या जहाजांना असतो तसा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा नवा घ्यावा? त्यात सुमारे ८० टक्के तांबे असते आणि तो महागही पडतो. शिवाय पिच (पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) किंवा पात्यांचे क्षेत्रफळच इंजिनाला जुळत नसेल, तर चांगला धातूही कुरतडला जाईल, अशी शंका आहे. ते कसे तपासावे आणि पंख्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या पट्ट्या सुकाणूजवळ किती बसवाव्यात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.