मदत हवी आहे: स्पिनला आलं की मशीन अडतं

7 किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे. धुणं, खळबळणं नीट होतं, पण स्पिनच्या वेळी ड्रम गचके देतो, थांबतो, परत पाणी घेऊन कपडे उलटसुलट करतो आणि पुन्हा तेच. 'एक मिनिट शिल्लक' दाखवत अर्धा तास खातं! कपडे शेवटी निथळतेच बाहेर येतात.

एकटी जाड चादर टाकली तर गोळा एका बाजूला बसणार, हे मान्य. पण आता साध्या शर्ट-पँटच्या लोडलाही हेच. स्पिरिट लेव्हल लावून पाय जुळवले, लॉकनट आवळले. वाहतुकीत टब हलू नये म्हणून लावलेले बोल्ट मशीन बसवतानाच काढलेत. ड्रम हाताने फिरवला तर घरघर नाही, म्हणजे बेअरिंग ठीक असावं. मात्र टब (ड्रमभोवतीची बाहेरची टाकी) दाबून सोडला की लगेच स्थिरावत नाही, हेलकावत राहतो, आणि टबचे हादरे शोषणाऱ्या एका शॉकॲब्झॉर्बरच्या दांड्यावर ग्रीसचा काळपट ओघळ आहे.

मेकॅनिक म्हणतो बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला. मला ते अजिबात पटत नाही.

शॉकॲब्झॉर्बर जोडीनेच बदलायचे ना? टब ज्यांवर टांगलेला असतो त्या वरच्या स्प्रिंगही सोबत बदलाव्यात का? आणि मागचं पॅनेल काढून हात पोचतो की मशीन आडवं करावं लागतं? घरी कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.