फॅमिली ग्रुप: बारा तास काम आणि वर जिम?

वहिनी: ताई, तुमच्या भावाला जरा समजवा ना. सकाळी नऊला लॅपटॉप उघडतो तो रात्री एकपर्यंत काही ना काही चालूच, आणि आता म्हणतोय पहाटे पाचला उठून जिमला जाणार. चार तासांच्या झोपेवर कसली जिम?

दादा: अगं मग दुसरा वेळच नाहीये. वजन वाढलंय, जिना चढताना धाप लागते, काहीतरी करायलाच हवं ना

ताई: जिमला माझी ना नाही रे, पण झोपेतून वेळ काढू नकोस. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागतेच. ती सतत कमी पडली की भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, बीपी वर जातं, आणि व्यायामानंतर स्नायूंची जी डागडुजी व्हायला हवी तीही नीट होत नाही. म्हणजे वजनासाठी झोप तोडायची आणि त्याच तुटलेल्या झोपेनं वजन वाढवायचं असं होईल. वेळ काढायचाच तर त्या कामाच्या बारा तासांतून काढ

छोटी: पण काढणार कुठून ताई, माझं पण सेम आहे, एक कॉल संपला की दुसरा

ताई: कॉलमधूनच. ज्या कॉलवर नुसतं ऐकायचं असतं तो उभ्यानं घ्यायचा, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत. बसलो की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ काहीच करत नाहीत आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम त्यांचंच असतं, म्हणून जेवून लगेच खुर्चीत बसणं सगळ्यात वाईट. कोलंबिया विद्यापीठानं 2023 मध्ये एक प्रयोग छापला होता, दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर दिवसभर बसून राहण्याच्या मानानं 58 टक्के कमी उसळली. माणसं अकराच होती, त्यामुळे आकडा घोकू नका, पण दिशा बरोबर आहे, हे माझ्या पेशंटमध्ये पण दिसतं मला. बीपी तर तासाला एक मिनिट चालूनही थोडं उतरलं होतं त्यात

काका: हे फार जुनं आहे बरं का. 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. नोकरी एकाच बसवर, पण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसभर जिना चढउतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी निघाला. नंतर त्यांनीच युनिफॉर्मची मापं काढली तर ड्रायव्हर मुळात कमरेनं जास्त होते, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण पोस्टमन आणि पोस्टातले कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला

छोटी: काका भारी!!

दादा: काका, पण तुम्ही रविवारी डोंगर चढायचात ना, तसं आठवड्याचं एकदम केलं तर?

ताई: ते वाया जात नाही. आठवड्याला 150 मिनिटं दम लागेल असं चालणं, हे एक-दोन दिवसांत केलं तरी हृदयाला फायदा होतो असंच दिसलंय. पण सोमवारी जेवणानंतर चढणारी साखर रविवारचा डोंगर उतरवत नाही, आणि आखडलेली मान-कंबर तर नाहीच नाही. शिवाय सहा दिवस बसलेलं अंग सातव्या दिवशी एकदम ताणलं की गुडघा नाहीतर कंबर धरतेच, सोमवारी माझ्याकडे रांग तशांचीच असते. पूर्वी सांगायचे सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम धरायचा, जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये ती अट काढून टाकली, आता दोन-दोन मिनिटंही मोजायची. आठवड्यातून दोनदा ताकदीचं काही हवं, त्याला खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि भिंतीला हात लावून पुशअप एवढ्यानं सुरुवात पुरे

वहिनी: आणि रात्री दहाला कॉफी लागते याला, ते पण सांगा

ताई: ती बंद कर रे. कॉफीतलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, एकला झोपशील तेव्हा ते अंगातच असतं

दादा: बरं. कॉफी बंद, कॉल उभ्यानं, जेवल्यावर फेऱ्या. एवढ्यानं भागेल ना?

ताई: नाही भागणार, आणि हे मी स्पष्टच सांगते. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्के जास्त, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं मिळून 2021 मध्ये मांडलंय. तू त्याच्या कितीतरी वर आहेस. फेऱ्यांनी साखर सांभाळली जाईल पण ताण आणि जागरण तसंच राहील. तुझ्या साहेबांना सांग की रात्रीचे कॉल रोज नको, आठवड्यातले दोन दिवस ठरवा, बाकी लेखी कळवतो. विचारायला काय हरकत आहे

दादा: विचारतो. आमच्या टीममधले अजून दोघं वैतागलेत, तिघं मिळून विचारू

काका: तिघं मिळूनच जा. एकट्यानं बोललं की तक्रार वाटते

ताई: आणि ती धाप. बीपी शेवटचं कधी मोजलंस?

दादा: आठवत नाही

ताई: मग आधी डॉक्टरकडे, बीपी, साखर आणि ईसीजी. छातीत दाटल्यासारखं होत असेल तर शनिवारची वाट बघायची नाही, आजच निघायचं

वहिनी: दाटत नाही म्हणतोय, नुसती धाप. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेते मी, नऊचा कॉल याला कॅन्सल करायला लावते

ताई: हो, आणि रिपोर्ट मला पाठव. जिमचे पैसे तोवर भरू नका