मदत हवी आहे: कालवांचं बी धरत नाही

खाडीकाठ:
कालवाचं बी (बारीक पिल्लं) धरावं म्हणून रिकाम्या शिंपल्यांच्या माळा खाडीत सोडून महिना झाला. शिंपल्यांवर बार्नेकल्स (खडकाला, होडीला चिकटणारे कवचाचे बारीक जीव) खच्चून बसलेत, कालवाचं बी एकही नाही. शेजारच्या खडपावर जुनी कालवं आहेत, म्हणजे पाण्यात दोष नाही. बचत गटाचे पैसे अडकलेत, लवकर सांगा.

बाबल्या_देवगड:
कधी टाकलंस ता आधी सांग. शिंपले खंयचे?

खाडीकाठ:
आचऱ्याची खाडी, गणपतीनंतर. शिंपले हॉटेलातले, ब्लीचिंग पावडरने धुऊन कडक वाळवलेले. त्याचा काय संबंध?

सागरजीव:
आहे ना! कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे तरंगतं. मग त्याला डोळ्यासारखा ठिपका येतो, पाय फुटतो आणि ते सरपटत जागा चाचपतं. जिवाणूंचा बुळबुळीत थर, मोठ्या कालवांकडून पाण्यात येणारे प्रथिनांचे बारीक तुकडे, अशा खुणा पटल्या की चिकट थेंब सोडून डावी शिंपली कायमची चिकटवतं. नंतर पाय नाहीसाच होतो. तुम्ही या खुणाच धुऊन टाकल्यात.

हॅचरीवाला:
एपिनेफ्रिन (अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक) वापरा. पिल्लं कुठेही न चिकटता रूप बदलतात, सुटं बी मिळतं.

सागरजीव:
ते हॅचरीच्या टाकीत. वाहत्या खाडीत कुठे ओतणार?

बाबल्या_देवगड:
महिनाभर पाण्यात राहिल्यावर थर आपोआप येता. कालवाचा बी येवच्या आधीच माळा पडल्या, बार्नेकल्सनी जागा खाल्ली, इतकाच.

सागरजीव:
जागा खाल्ली हे खरं. बार्नेकलचं पिल्लू तर शेवटच्या अवस्थेत खातही नाही, साठवलेल्या चरबीवर जगतं आणि मिशांनी चालत जागा शोधतं. मोठ्या बार्नेकलच्या अंगावरचं प्रथिन लागलं की तिथेच बसतं. म्हणून एक बसलं की मागून झुंबड. पण कोऱ्या शिंपल्यावर कालव मागे पडलं ते धुण्यामुळेच, यावर मी ठाम आहे.

पुणेरी_खवय्या:
डिसेंबरात देवगडला येतोय. ताजी कालवं कुठे मिळतील?

खाडीकाठ:
आता नवीन माळा कशा करू तेवढं सांगा.

सागरजीव:
ब्लीच नको, नुसतं उन्हात वाळवा. थोडे दिवस जुन्या कालवांच्या खडपाजवळ भिजवा, मग गाळ झटकून बांधा. मध्येमध्ये जिवंत कालवं ओवा. आधी एकच माळ सोडा, भिंगाने बघत राहा. बी दिसलं की बाकीच्या.

बाबल्या_देवगड:
माळा किती खोल?

खाडीकाठ:
ओहोटीला खालचे शिंपले चिखलाला टेकतात.

बाबल्या_देवगड:
ता आधी सांगायचा! चिखल बसलेल्या शिंपल्यार कोण धरतला? आज वर घे.