'टॉक रेडिओ'ला मराठीत काय म्हणावं? चर्चा, गप्पा, संवाद की नुसतं बोलणं

चोपडा (प्रश्नकर्ता)

नमस्कार खानदेशातल्या मंडळींनो. इथे आपण आपापल्या गावाच्या नावानेच बोलतो आहोत. आमच्याकडची महाविद्यालयातली मुलं रेडिओसाठी तासाभराचे कार्यक्रम करायला शिकताहेत. बोलतं करणारा एक जण, एक-दोन पाहुणे आणि मधूनमधून फोन करणारे श्रोते. विषय सगळे आपल्या भागातले: पाटाचं आवर्तन म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, केळीचा पीकविमा, नगरपालिकेचा कारभार, कानबाई या आपल्याकडच्या देवीचा उत्सव, वहीगायन हे इथलं लोकगायन, गावात झालेला नाटकाचा प्रयोग. इंग्रजीत या प्रकाराला टॉक रेडिओ म्हणतात. मुलांनी कार्यक्रमपत्रिकेत 'चर्चासत्र' लिहिलं आणि ते मला फार खटकलं. चर्चासत्र म्हटलं की व्यासपीठ, अध्यक्ष आणि आभारप्रदर्शन आलंच. शब्द सुचवा, आणि तोच का तेही सांगा.

जळगाव

सर, आधी 'टॉक' या शब्दाचा घोळ सोडवू या. आकाशवाणीच्या परिभाषेत 'टॉक' म्हणजे एकट्याने वाचायचं, आधी लिहून दिलेलं भाषण. हिंदी केंद्रांवर त्यालाच 'वार्ता' म्हणतात. मराठीत वार्ता म्हणजे बातमी, म्हणून आपल्याकडे 'भाषण' रुळलं. दोघं बोलले तर मुलाखत, चौघं बोलले तर परिसंवाद, आणि सोंगं घेऊन बोलले तर श्रुतिका किंवा नभोनाट्य. फोन करणाऱ्या श्रोत्याला या जुन्या यादीत जागाच नव्हती. त्याच्यासाठी पत्रोत्तराचा कार्यक्रम असे. श्रोता कार्डावर लिहायचा आणि निवेदक ते वाचून दाखवायचा. तुमच्या कार्यक्रमात तो स्वतःच्या आवाजात येतो, म्हणून जुन्या शब्दांपैकी एकही नीट बसत नाही.

धुळे

'आकाशवाणी' या शब्दातही एकतर्फी बोलणं आहेच ना! पुराणात आकाशवाणी झाली की कंसाने ऐकायचं, उलट प्रश्न विचारायची सोय नाही. म्हैसूरच्या गोपालस्वामींनी 1935 मध्ये स्वतःच्या घरातून केंद्र सुरू केलं, त्याचं नाव आकाशवाणी. पुढे तेच नाव देशभर गेलं, आणि 2023 पासून इंग्रजीतही 'ऑल इंडिया रेडिओ' टाळून 'आकाशवाणी'च म्हणायचं ठरलं. मराठीने 'नभोवाणी' हाही सुंदर शब्द केला होता. वर आलेल्या 'नभोनाट्या'त त्याचा अर्धा भाग अजून टिकून आहे.

'चर्चा' मात्र घेऊ नका. अमक्याची गावात चर्चा आहे, असं आपण म्हणतो तेव्हा तो माणूस बदनाम होत असतो. 'गावची चर्चा' असं नाव दिलंत तर लोक कुचाळक्या ऐकायला बसतील.

भुसावळ

'गप्पा' का नको? फारसीतल्या 'गप'वरून आलेला, सगळ्यांच्या तोंडचा शब्द आहे. 'पारावरच्या गप्पा' किंवा 'चावडी' म्हणा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पारोळा

भुसावळकर दादा, पार आणि चावडीला माझा स्पष्ट विरोध आहे. पारावर बाया बसत नव्हत्या. चावडीवर सारा भरायला आणि तक्रार घेऊन जायचं, तेही पुरुषांनी. आणि काही वस्त्यांमधल्या माणसांना तर पायरीखाली उभं राहावं लागे. आज त्या जागेचं नाव कार्यक्रमाला दिलं, की फोन कोण करणार हे अर्धं तिथेच ठरतं. आमच्या बायांचं बोलणं ओट्यावर चालायचं: दाणे निवडताना, वाती वळताना, कानबाईच्या आदल्या दिवशी. तिथं गावचं राजकारणही निघायचं, कुणाचा मुलगा उभा राहतोय इथपासून नळाला पाणी का नाही इथपर्यंत. जागेवरूनच नाव ठेवायचं असेल तर 'ओटा' ठेवा.

'गप्पा'बद्दलही एक सांगते. 'गप्पा हाणू नको' म्हणजे थापा मारू नको. विमा कंपनीकडून पैसे न आलेली बाई फोनवर बोलत असेल, तर त्याला गप्पा म्हणताना माझी तरी जीभ वळणार नाही.

जळगाव

ताई, 'ओटा' मला एकदम पटला. राजकारणाबद्दल नियमांचं थोडं सांगतो, कारण शब्दांवर त्याचाही परिणाम झालेला आहे. आकाशवाणीच्या संहितेत पक्षाचं नाव घेऊन टीका करायला मनाई आहे. सामुदायिक रेडिओ, म्हणजे संस्थेने आपल्या भागापुरता चालवायचा रेडिओ, 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही खुला झाला, पण बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम त्यातून वगळले. त्यामुळे स्थानिक रेडिओवर राजकारण दुसऱ्या नावांनी येतं: 'पाणीप्रश्न', 'समस्या', 'जनजागृती', 'विकास'. पाटाचं आवर्तन लांबलं, यात राजकारण आहेच, पण कार्यक्रमात त्याचा 'प्रश्न' होतो. आता 'प्रश्न' म्हटलं की समोर उत्तर द्यायला अधिकारी हवा. म्हणून असे कार्यक्रम बहुतेक वेळा शेतकरी विचारतो आणि साहेब सांगतात, याच घडीवर जातात. मुलांनी ही घडी ओळखावी, असं मनापासून वाटतं. साहेबांनाही विचारता आलं पाहिजे, की तुम्ही गेल्या हंगामात टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत जाऊन आलात का?

अमळनेर

आमच्या गावात 1952 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठी शब्दांची व्युत्पत्ती शोधणारे. शिवाय तत्त्वज्ञान मंदिरही इथलंच. तेव्हा मुळाकडे जायचा मोह आवरत नाही.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, दोन बाजूंनी चालणाऱ्या विचारविनिमयाला 'कथा' म्हणतात आणि तिचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते कळावं म्हणून बोलणं हा वाद. जिंकण्यासाठी बोलणं हा जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ही वितंडा. मराठीत 'वितंडवाद' राहिला, 'जल्प' पुस्तकांत उरला आणि 'वाद' बिचारा भांडणाच्या अर्थाला गेला. राजकारणावरच्या कार्यक्रमासाठी हा जुना 'वाद' परत आणावा, असं माझं ठाम मत आहे. 'संवाद' गुळगुळीत झालाय. गाण्यात संवादी स्वर वादीशी, म्हणजे रागातल्या मुख्य स्वराशी, जुळणारा असतो आणि नाटकात संवाद आधीच पाठ केलेले असतात. नगरपालिकेवर बोलताना आधीच जुळवून घेतलेलं किंवा पाठ करून आलेलं काय कामाचं?

('कथा' शब्द अहिराणीत निराळाच आहे हे आपल्याला ठाऊक आहेच. 'कथा चालना भो?' म्हणजे कुठे चाललास, भाऊ?)

धुळे

सर, 'वाद'चा अर्थ पटतो, पण फोन उचलणाऱ्या माणसाला तो आधी समजावून सांगावा लागेल. 'दुपारी वादाला या' म्हटलं तर कोण येईल?

नंदुरबार

इतका वेळ वाचत होतो. खानदेश म्हणजे फक्त अहिराणी, असं धरून चालू नका, एवढीच विनंती. रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, बहिणाबाईंची भाषा तीच. जामनेरकडे तावडी. आमच्या सातपुड्यात भिली आणि पावरी, नवापूरकडे मावची. नाव असं हवं की या सगळ्यांना ते आपलं वाटेल. मला साधं 'बोलणं' आवडतं. त्याच्या आजूबाजूचे शब्द पाहा: बोलणी म्हणजे वाटाघाटी, बोलाचाली म्हणजे भांडण, बोलवा म्हणजे अफवा. बोलणं मात्र यांतल्या कशातच अडकलेलं नाही. 'रेडिओवर काय लागलंय?' 'पाण्यावर बोलणं चाललंय.' हे कुणीही म्हणेल.

चोपडा (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार. मुलांपुढे सगळं वाचून दाखवलं. कार्यक्रमाचं नाव 'ओटा' ठेवायचं ठरलं, आणि पत्रिकेत प्रकार या रकान्यात 'बोलणं' लिहायचं. 'निवेदक' ठेवलं नाही, कारण निवेदन करणारा सांगतो आणि इथे त्याने ऐकायचं आहे. मुलींनी 'बोलतं करणारी' सुचवलं, तेच लिहिलं. लांब आहे, पण काम अचूक सांगतं. वहीगायन आणि नाटकाच्या भागातही तेच नाव राहील. कलावंताला बोलतं करायला वेगळा शब्द लागावा असं वाटलं नाही.

अमळनेरकर सर, 'वाद' सोडलेला नाही. वाद, जल्प, वितंडा हा भेद मुलांना पहिल्याच दिवशी शिकवणार आहे.

पारोळा

एक राहिलं. ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना फोनवरच्या माणसाचं बोलणं प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. ती बाई धुळ्याला 'धुये' म्हणाली असेल तर 'धुये'च लिहा, केळीला 'केयी' म्हणाली असेल तर 'केयी'. 'शे'चं 'आहे' करू नका. वाचणाऱ्याला अडेल वाटलं तर अर्थ खाली द्या.

चोपडा (प्रश्नकर्ता)

हो ताई. भिली आणि पावरी उतरवायला त्या भाषा घरात बोलणारी मुलंच बसवतो. नंदुरबारकर दादा, तुमच्याकडची दोघं-तिघं मिळतील का?