मदत हवी आहे : कोनीय संवेगाच्या तक्त्यात सूर्याचा आकडा चुकतोय

नाशिकला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करतोय : इलेक्ट्रॉनपासून गुरूपर्यंत कोणाचा कोनीय संवेग (वस्तूच्या फिरण्याचं माप : मोमेंट ऑफ इनर्शिया × फिरण्याचा वेग) किती. एकक ज्यूल-सेकंद. २/५ × वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग × फिरण्याचा वेग या सूत्राने सूर्याचा आकडा १.१ × १०^४२ येतो, पुस्तकात १.९ × १०^४१ आहे. छताच्या पंख्याच्या पात्यांचा ४९ आलाय (मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरण्यातला बदल रोखणारं जडत्व, ०.१४; वेग ३५०), तोही फार वाटतो. आणि हे सगळे आकडे दाखवणारी एवढी लांब पट्टी कागदावर बसवायची कशी?

प्रतिसाद १ :
पंख्याचे ३५० हे मिनिटाचे फेरे आहेत. २π ने गुणून ६० ने भागा, ३६.७ रेडियन प्रति सेकंद येतील. मग संवेग ५.१.

सूर्याचं कोडं जास्त छान आहे. २/५ हे एकसारख्या घनतेच्या गोळ्यासाठी. सूर्याचं निम्मं वस्तुमान केंद्रापासून पाव त्रिज्येच्या आतच दाटलंय, म्हणून ०.४ ऐवजी साधारण ०.०७ घ्या. पृथ्वीला ०.३३. तिथे फरक कमी पडतो : ७.१ ऐवजी ५.९ × १०^३३.

प्रतिसाद २ :
प्रत्येक आकड्यापुढे अक्ष लिहाच, नाहीतर तक्त्याला अर्थ नाही. पृथ्वीचा स्वतःभोवतीचा संवेग ५.९ × १०^३३, सूर्याभोवतीचा २.७ × १०^४०, म्हणजे सुमारे ४५ लाख पट. मुलांकडून हेही करून घ्या : नाशिकमध्ये खुर्चीत स्वस्थ बसलेल्या ६० किलोच्या माणसाचा पृथ्वीच्या अक्षाभोवतीचा संवेग. अक्षापासूनचं अंतर म्हणून पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरू नका. नाशिक २० अक्षांशावर, त्यामुळे कोसाइनने गुणून ५९८७. उत्तर १.६ × १०^११. डोक्यावरच्या पंख्याचा फक्त ५!

गुरूचा सूर्याभोवतीचा १.९ × १०^४३ ठळक अक्षरात घ्या. सूर्यमालेचं ९९.८ टक्के वस्तुमान सूर्याकडे, तरी त्याच्या स्वतःभोवतीच्या संवेगाच्या शंभरपट एकट्या गुरूकडे.

प्रतिसाद १ :
पट्टीवर दहाचा एक घात म्हणजे दीड सेंटीमीटर. इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा (त्याच्या अंगभूत कोनीय संवेगाचा) एका दिशेतला घटक ५.३ × १०^-३५, तिथपासून गुरूपर्यंत ७८ घात, म्हणजे ११७ सेंटीमीटर. दोन कार्डशीट लांबीला जोडली की बसतं. भोवरा (५० ग्रॅम, त्रिज्या २ सेंटीमीटर, सेकंदाला २० फेरे) ०.००१ च्या आसपास लावा. मात्र या पट्टीवर सूर्याची ती सहापट चूक जेमतेम एक सेंटीमीटर सरकेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून प्रत्येक खुणेशेजारी आकडा लिहा.